बांधीतले राखणदार : प्रस्तावना

बालाघाट, गोंदिया आणि भंडारा हे जिल्हे आज दोन राज्यांत आहेत, पण त्यांची शेती एकच आहे. बालाघाट जिल्हा मुळात १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. वैनगंगेच्या या खोऱ्यात पऱ्हे टाकण्यापासून रोवणीपर्यंत आणि निंदणापासून कापणीपर्यंत कामांचा क्रम सगळीकडे सारखाच. धानावर येणारे खोडकिडा, गादमाशी आणि तुडतुडा हेही सगळीकडे तेच. बालाघाट जिल्ह्यातल्या भरवेलीचे नाव देशभर पोचले ते मँगनीजच्या खाणीमुळे. तरी या परिसराची खरी ओळख धानाचीच, आणि बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यावर तिच्यावर अधिकृत शिक्कामोर्तब झाले.

या भागातल्या कोणाही शेतकऱ्याला विचारा, तो धानावरच्या चार-पाच किडींची नावे सहज सांगेल. औषधांची नावे त्याहून जास्त सांगेल. पण त्या किडी खाऊन जगणाऱ्या जीवांची दोन नावे सांगणारा क्वचितच भेटतो. हा दोष शेतकऱ्याचा नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याला जे शिकवले गेले, जे विकले गेले आणि भिंतींवर रंगवून दाखवले गेले, त्यात या जीवांना जागाच नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. त्याचे सांगणे एवढेच आहे की कीड मारायला निघण्याआधी त्या किडीचा शत्रू ओळखावा. जैविक नियंत्रणाच्या इतिहासात जिथे यश आले तिथे ते अचूक ओळखीमुळे आले आणि जिथे फसगत झाली तिथे अनेकदा ओळखच चुकली होती.

रोवणीनंतर महिनाभराने बांधीत उतरून धानाचे बुंधे हाताने बाजूला केले, तर पाण्यालगत पळणारे करडे कोळी दिसतात. जाळे न विणता धावून शिकार धरणारा हा कोळी दिवसाला पाच ते पंधरा तुडतुडे फस्त करतो. पानांवर ढालकिडे असतात, वर चतुर घिरट्या घालतात, आणि बुंध्यावर हिरवट-काळ्या रंगाचा एक चिमुकला ढेकूण फिरत असतो. हा मिरीड ढेकूण तुडतुड्यांची अंडी शोधून शोषून घेतो. तो दिसायला इतका तुडतुड्यासारखा असतो की त्याचीच संख्या मोजून फवारणीचा निर्णय घेतला जाण्याचा धोका असतो. हे सगळे परभक्षी, म्हणजे शिकार करून खाणारे.

दुसरा गट परोपजीवींचा. ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, पण त्यांचे काम फार मोठे असते. गादमाशीच्या अंड्यात प्लॅटिगॅस्टर नावाची एक सूक्ष्म गांधीलमाशी आपले अंडे घालते. गादमाशीची अळी पोंग्यात शिरते तेव्हा शत्रू तिच्या शरीरातच असतो. एका अंड्यातून त्याची अनेक पिल्ले तयार होतात आणि अळीला आतून संपवतात. खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडीपुंज घालून त्यावर तपकिरी केसांचे आवरण घालते. त्या आवरणाखालीही ट्रायकोग्रामा, टेलेनोमस आणि टेट्रास्टिकस हे परोपजीवी पोचतात. तिसरा गट रोगांचा. मेटारायझियम आणि बिव्हेरिया या बुरश्या किडींच्या अंगावर रुजून त्यांना मारतात, आणि काही विषाणू फक्त अळ्यांनाच होतात. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९८७ साली धानातल्या अशा उपयोगी कीटकांवर, कोळ्यांवर आणि रोगजंतूंवर शेतकऱ्यांसाठी सचित्र पुस्तिका काढली होती. वैनगंगेच्या खोऱ्यासाठी, आपल्या भाषेत तसे काही हवे, ही इच्छा प्रस्तुत पुस्तकामागे आहे.

या जीवांची किंमत कळते ती ते नाहीसे झाल्यावर. तपकिरी तुडतुडा हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. मादी आपली अंडी पानाच्या आवरणात आत खुपसून घालते. फवारा तिथपर्यंत पोचत नाही. वर फिरणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मात्र पहिल्याच फवाऱ्यात मरतात. आठवड्याभरात अंडी फुटतात आणि पिल्लांना अडवणारे कोणी उरलेले नसते. त्यातून युरियाचा मारा जास्त झाला असेल, तर हिरव्यागार, रसरशीत बुंध्यांवर त्यांची वाढ झपाट्याने होते. पुढे बांधीत गोल गोल चट्टे जळाल्यासारखे दिसू लागतात आणि माणूस आणखी कडक औषध आणायला धावतो. इंडोनेशियात १९७० आणि ८०च्या दशकांत हे चक्र देशभर फिरले. अखेर नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या सरकारने धानावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली, पुढे अनुदानही काढून घेतले आणि शेतकऱ्यांसाठी शेतातच शाळा सुरू केल्या. फवारणी घटली, धानाचे उत्पादन मात्र घसरले नाही. आपल्याकडे २०१७च्या खरिपात भंडारा-गोंदियाच्या धानावर तुडतुड्याने इतके नुकसान केले की महाराष्ट्र सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाचा हिशेब करताना हे मृत्यू बाजूला ठेवता येत नाहीत.

किडीवर तिचा शत्रू सोडण्याची कल्पना नवी नाही. चौथ्या शतकाच्या आरंभीच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी तांबड्या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. पाने जोडून घरटी करणाऱ्या याच कुळातल्या मुंग्या आपल्या जंगलांतही आहेत. समुद्र ओलांडून शत्रू नेण्याची पहिली प्रसिद्ध नोंद तर भारताशी जोडलेली आहे. १७६२ साली टोळांच्या बंदोबस्तासाठी आपली साळुंकी मॉरिशसला नेण्यात आली. पुढे ज्या बेटावर मराठी माणसे उसाच्या मळ्यांत राबायला गेली, ते हेच बेट. आधुनिक शास्त्राची सुरुवात सहसा कॅलिफोर्नियापासून सांगतात. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या लहानशा ढालकिड्याने तिथल्या संत्र्यांच्या बागा एका खवले किडीच्या तावडीतून वाचवल्या. तोच ढालकिडा १९२९-३०च्या सुमारास निलगिरीतही आणला गेला.

तणांच्या बाबतीत मात्र पहिले पाऊल भारतातच पडले, आणि तेही गैरसमजातून. १७९५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ब्राझीलहून निवडुंगावरची एक कीड बंगालमध्ये आणली गेली. हेतू होता किरमिजी रंग मिळवण्याचा. रंग देणारी खरी कीड मेक्सिकोतली होती, आणि आणली गेली ती तिची दुसरीच बहीण. रंगाचा धंदा बुडाला, पण या किडीने उत्तर आणि मध्य भारतातला निवडुंग झपाट्याने संपवत आणला. हे पाहून १८३६ ते १८३८ या काळात ती मुद्दाम दक्षिणेत नेण्यात आली. कीटक वापरून तण आटोक्यात आणण्याचा जगातला पहिला यशस्वी हेतुपुरस्सर प्रयोग म्हणून त्याची नोंद आहे. पण दक्षिणेतला दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग तिने तोंडी लावला नाही. त्यासाठी १९२६ साली श्रीलंकेतून त्याच कुळातली वेगळी कीड आणावी लागली. दिसायला जवळपास सारख्या अशा दोन किडी आणि दोन निवडुंग यांतला फरक कळेपर्यंत मध्ये जवळजवळ नव्वद वर्षे गेली.

पाण्यावर पसरणाऱ्या साल्व्हिनिया या नेच्याची कथाही अशीच आहे. अनेक वर्षे त्याला दुसऱ्याच जातीचे समजले जात होते, म्हणून त्याचे शत्रूही चुकीच्या प्रदेशात शोधले गेले. आणलेले टोळ आणि भुंगेरे निष्प्रभ ठरले. १९७२ साली ही वेगळी जात असल्याचे नक्की झाले आणि १९७८ साली तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तिथून घेतलेला भुंगेरा ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात १९८० साली सोडला, तेव्हा हजारो टन तण थोड्याच काळात बुडाले. मग कळले की तो भुंगेराही शास्त्राला नवीनच होता. १९८५ साली त्याला स्वतःचे नाव मिळाले. केरळात १९८० च्या दशकात त्याला सोडल्यावर कालवे आणि कुट्टनाडची धानशेती मोकळी झाली. अलीकडे जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने कटनी जिल्ह्यातला एक तलाव याच भुंगेऱ्याच्या मदतीने साफ केला. आपल्या खोऱ्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आणि बोड्यांच्या दृष्टीने हे उदाहरण फार जवळचे आहे.

आता गाजर गवताकडे येऊ. १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात नजरेत भरलेले हे तण आज देशभर पडीक जमिनीत, रस्त्यांच्या कडेला आणि रेल्वेरुळांलगत माजले आहे. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि त्याच्या स्पर्शाने, परागांनी त्वचेचे विकार व दमा होतो. बंगळुरूजवळच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेत के. पी. जयंत यांनी मेक्सिकोहून आणलेल्या झायगोग्रामा भुंगेऱ्याच्या चाचण्या केल्या आणि १९८४ साली तो सोडण्यात आला. पांढुरक्या पाठीवर गडद तपकिरी उभ्या रेघा असलेला हा भुंगेरा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने खाऊन नुसते दांडे ठेवतात. १९९१ साली तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठा गदारोळ झाला. नवा भुंगेरा आता पिकेही खाणार, अशी भीती पसरली. सरकारला तपास करावा लागला. शास्त्रीय उलगडा मोठा उद्बोधक निघाला. शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि त्या वासाने भुंगेरे तिकडे वळत होते. सूर्यफुलावर त्यांची वंशवाढ टिकत नव्हती. भुंगेरा निर्दोष ठरला आणि तो सोडण्याचे काम पुन्हा सुरू झाले.

या भुंगेऱ्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो पावसाळ्यात जोरात असतो आणि थंडी-उन्हाळ्यात जमिनीत सुप्त राहतो. त्यामुळे रब्बीत उगवणाऱ्या गाजर गवताला तो पुरा पडत नाही. म्हणून त्याच्या जोडीला तरोट्याचे बी पावसाआधी टाकावे, असे तण शास्त्रज्ञ सांगतात. ज्या तरोट्याची कोवळी पाने आपल्या घरी पावसाळ्यात भाजीला शिजतात, तो दाट उगवला की गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. तो नेमका भुंगेऱ्याच्या हंगामात येतो, हे शाळांनी आणि ग्रामपंचायतींनी लक्षात घ्यावे.

वैनगंगेच्या खालच्या भागात, गोसीखुर्दच्या जलाशयात, नाग नदीच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पसरते. भंडाऱ्याकडचे लोक तिला इकॉर्निया म्हणतात. तिच्यासाठीही निओकेटिना जातीचे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले आणि बंगळुरूच्या तलावांत त्यांनी चांगले काम केले. पण त्यांना दोन-चार वर्षे निवांत मिळावी लागतात. मध्येच यंत्राने सगळी जलपर्णी ओढून काढली, तर मुळांतले कोषही बाहेर जातात. शिवाय जिथे सांडपाणी रोज खत पुरवते, तिथे एकट्या भुंगेऱ्याकडून सगळे मागणे अन्यायाचे आहे. सांडपाणी रोखण्याचे काम माणसांनीच करायचे आहे.

महाराष्ट्रातली तीन उदाहरणे या पुस्तकात सविस्तर घेतली आहेत. २००२च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातले फड पांढरे झाले. उंच, दाट उसात फवारणार तरी कसे? तेव्हा डिफा नावाच्या पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक कामी आले. दोघेही मावा खाऊनच जगतात. डिफाची अळी पाहिली तर अनोळखी माणसाला तीच कीड वाटावी, म्हणून ती ओळखायला शिकवणे हा त्या मोहिमेचा पाया ठरला. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ साली कोइम्बतूरला आढळला आणि पुढे महाराष्ट्रात शिरला. २०१० साली पोर्तो रिकोहून आणलेल्या असेरोफॅगस या परोपजीवीने त्याला आवरले. तिसरे उदाहरण कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचे. त्याचा शत्रू कोणी आणला नाही, तो शेतातच काम करताना सापडला. २००९ साली त्याचे वर्णन झाले तेव्हा शास्त्रज्ञ डॉ. ओ. एम. बंबावाले यांच्या गौरवार्थ त्याला बंबावालेई हे जातीनाम दिले गेले. पुढे शास्त्रीय तपासात तो आधीच वर्णिलेल्या जातीत गणला गेला आणि नाव बदलले. त्याचे काम मात्र बदलले नाही.

परकी शत्रू आणणे हा खेळ नव्हे. मॉरिशसला नेलेली साळुंकी आज जगातल्या सर्वांत घातक परक्या प्रजातींच्या यादीत आहे. भारतातली मुंगसे १८७२ साली जमैकात आणि १८८३ साली हवाईत उंदरांसाठी नेली, त्यांनी तिथले पक्षीच संपवत आणले. १९३५ साली उसातल्या भुंगेऱ्यांसाठी क्वीन्सलँडमध्ये सोडलेल्या भेकांनी भुंगेरे आवरले नाहीत, उलट ते स्वतःच संकट झाले. हे सगळे मिळेल ते खाणारे प्राणी होते. एकाच किडीवर किंवा एकाच तणावर जगणारा जीव निवडावा आणि तो पिकांवर जगत नाही हे बंदिस्त चाचण्यांतून सिद्ध करावे, हा नियम या चुकांतून आला. आपल्याकडे अशी आयात २००३च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली परवान्यानेच होते. हे काम संस्थांचे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे.

शेतकऱ्याच्या हाती असलेले काम वेगळे, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. रोवणीआधी पऱ्ह्यांचे शेंडे खुडले तर खोडकिड्याचे अंडीपुंज त्यांच्यासोबत निघतात. ते जाळू नयेत, बांबूच्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवावेत, म्हणजे अंड्यांतले परोपजीवी बाहेर पडून बांधीत परततात. धुऱ्यावर तूर आणि तीळ लावायची आपल्या भागातली रीत जपावी, कारण तिळाच्या फुलातल्या मधावर हेच परोपजीवी आणि मिरीड ढेकूण तग धरतात. बांधीत पक्षीथांबे रोवले की कोतवाल त्यावर बसून अळ्या आणि पतंग टिपतो. ट्रायकोकार्ड वापरायचे तर ते वेळेवर मागवावे लागते. तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवलेल्या ट्रायकोग्रामाची सुमारे वीस हजार अंडी एका कार्डावर असतात. खोडकिड्याचे पतंग दिसू लागताच कार्डाचे तुकडे करून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला टाचावेत, दर आठवड्याला ते पुन्हा लावावेत, आणि आगेमागे रासायनिक फवारणी करू नये. कार्ड उशिरा आले आणि अळी खोडात शिरली, तर गाभेमर आणि पळींज टळत नाही, कारण ट्रायकोग्रामा फक्त अंड्यांवर जगतो.

या मार्गाने कीड शून्य होत नाही. ती आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली राहते, आणि तशीच राहायला हवी, कारण कीड पूर्ण संपली तर तिच्यावर जगणारेही संपतात. प्लॅटिगॅस्टरसारखा परोपजीवी हंगामाच्या शेवटी जोरात येतो, म्हणून लवकर रोवलेल्या आणि उशिरा रोवलेल्या बांध्यांत फरक पडतो. कधी फवारणी अटळही ठरते. अशा वेळी कोणते औषध मित्रकिडींना कमी घातक आहे, हे निवडता यावे म्हणून शेवटच्या प्रकरणात तक्ता दिला आहे. आणखी एक गोष्ट मी ठामपणे सांगतो. हे काम एकट्याच्या बांधीत अर्धेच होते. शेजारच्या धुऱ्यापलीकडे दर पंधरवड्याला विष उडत असेल, तर इकडचे कोळी आणि गांधीलमाश्या टिकत नाहीत. म्हणून हे पुस्तक एकट्याने वाचून ठेवून देऊ नये. बचत गटात, शेतकरी गटात, शाळेच्या परसबागेत ते उघडावे, आणि त्यातली चित्रे बांधीतल्या जीवांशी ताडून पाहावीत.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. येत्या खरिपात पहिल्या फवारणीआधी बांधीत चार ठिकाणी दहा-दहा बुंधे वाकवून पाहा. किडी मोजा आणि त्यांच्या शेजारी त्यांचे शत्रूही मोजा. शत्रू पुरेसे असतील तर पंप घरीच ठेवा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. ही सवय एका गावाने लावून घेतली, तरी या पुस्तकाचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

भरवेली, जिल्हा बालाघाट